मशीनचं डायलिसिस की पोटाचं? दोन्ही वापरून झालेल्या बाईचा रिव्ह्यू

दोन्ही वापरून झालेत. आधी मशीनचं म्हणजे हिमो, मग पोटाचं म्हणजे पीडी, आणि आता परत मशीनवर. त्यामुळे "कुठलं बरं पडतं हो?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. विचारणारा बहुतेक वेळा पेशंट नसतोच, त्याची बायको नाहीतर मुलगी असते, आणि डॉक्टरांनी लवकर ठरवून सांगा म्हटलेलं असतं. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल काही सल्ला देणार नाही, वापरणारी बाई म्हणून जे कळलं तेवढंच.

स्टार कशावर द्यायचे ते आधी ठरवू. दवाखान्यात जो आकडा बघतात तो केटी बाय व्ही, म्हणजे रक्त कितपत साफ झालं त्याचा हिशोब. मशीनवर एका वेळेला निदान १.२, जमलं तर १.४. पोटाच्या डायलिसिसला आख्ख्या आठवड्याचा मिळून १.७. तो बरा आला की सगळे खूश. यायलाच पाहिजे तो, नाही आला तर भूक मरते, मळमळतं, अंग खाजतं, माणूस खंगत जातो. पण आकडा झकास आणि बाई संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून पडलेली, हेही मी पाहिलंय, शेजारच्या बेडवाल्यांच्या घरी पण आणि माझ्या घरी पण. म्हणून माझं माप वेगळं. आठवड्याचे १६८ तास असतात, त्यातले किती तास डोकं जागेवर, पायात जोर, आणि मनाला येईल ते करता येतंय. ह्या मापावर दोन्ही मोजते.

आधी मशीनचं.

आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी साधारण ४ तास. ऐकायला १२ तास म्हणजे काहीच नाही, १५६ उरले की हातात. तसं होत नाही हो. जायचं यायचं, आधीची शिफ्ट उतरेपर्यंत बाहेर ताटकळायचं, वजन करा, बीपी घ्या, सुया लागल्या की ४ तास, मग सुया काढल्या की ती भोकं १०-१५ मिनिटं कापसाने दाबून धरा, रक्त थांबलं की पट्टी, परत बीपी, उभं करून परत बीपी, मग सोडतात. अर्धा दिवस इथेच गेला आणि खरी वजावट तर घरी आल्यावर सुरू होते.

घरी आल्यावर माणूस माणसात यायला किती वेळ लागतो ह्याला रिकव्हरी टाइम म्हणतात. त्यावर डॉप्स नावाच्या मोठ्या अभ्यासात, त्यात बरेच देश आहेत, पेशंटांना सरळ विचारलं होतं आणि २०१४ मध्ये छापलं. साधारण ३२ टक्के लोक २ तासांच्या आत ठीक होतात, ४१ टक्क्यांना २ ते ६ तास लागतात, १७ टक्क्यांना ७ ते १२, आणि १० टक्के असे की त्यांना १२ तासांच्या वर. ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांची ॲडमिट व्हायची आणि दगावायची शक्यता पण जास्त निघाली, म्हणजे हे नुसतं नाजूकपणाचं दुखणं नाही. मी एरवी ४१ वाल्यांमध्ये, वाईट दिवशी १७ वाल्यांमध्ये. तुम्हीच करा हिशोब, ३ दिवस असे गेले तर १५६ मधले किती राहिले.

एवढं गळून का जातं तर मुख्य कारण पाणी. किडनी रात्रंदिवस थेंब थेंब पाणी बाहेर टाकत असते, मशीनला तेच दोन-तीन दिवसांचं साठलेलं ४ तासांत ओढायचं असतं. ६० किलोचा माणूस ३ लिटर वाढून आला तर तासाला पाऊण लिटर, म्हणजे किलोमागे तासाला १२.५ मिली. १३ च्या वर गेलं की हृदयावर ताण येतो असं मानतात, म्हणजे ३ लिटर म्हणजे काठावरच. रक्तातलं पाणी भराभर जातं, बाकी अंगातलं तेवढ्या वेगाने रक्तात येत नाही, मग बीपी धाडकन पडतं. आधी जांभया यायला लागतात, मग कानात सूं होतं, घाम, आणि शेवटच्या अर्ध्या तासात पोटरीत असा गोळा येतो की बाई माणूस असो की पुरुष, ओरडतोच. सिस्टर धावत येते, बेडचा पायाकडचा भाग वर करते, सलाइन सोडते, तळवा वर दाबून धरते. तेवढ्यात शेजारच्या बेडवरचे काका डोळे न उघडता म्हणणार, "किती आणलंस आज?" म्हणजे किती किलो पाणी. आमच्यात हीच विचारपूस.

आणि ते कमी प्या कमी प्या सांगणं. लघवी पार बंद झाली असेल तर दिवसाला अर्धा-पाऊण लिटर, लघवी होत असेल तर जेवढी होते त्यावर अर्धा लिटर, साधारण असा हिशोब देतात, आणि त्यात चहा, औषधाचं पाणी, पातळ भाजी-आमटी सगळं आलं. सांगणारा निवांत घोट घेत सांगतो हे वेगळं. माझ्या अनुभवाने पाणी मोजण्यापेक्षा मीठ मोजलेलं जास्त चालतं, मीठ कमी झालं की तहानच कमी लागते. पण घरातल्या बाकीच्यांना ते पटवायला जास्त ताकद लागते.

अजून एक गोष्ट जिचा मला मनापासून राग आहे. आठवड्याला सात दिवस, त्यात ३ वेळा बसवायचं तर एक गॅप दोन दिवसांची येणारच. जगभर बहुतेक ठिकाणी असंच चालतं कारण सेंटरला आणि स्टाफला ते सोयीचं पडतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांवर पेशंटांचा अभ्यास आला होता, त्यात ह्या लांब गॅपनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हार्टच्या तक्रारीने ॲडमिट होणं बाकी दिवसांपेक्षा जास्त निघालं. शरीराला सुट्टीचा दिवस कळत नाही. मला तर त्या दुसऱ्या रात्री सपाट झोपताच येत नाही, दोन उशा लावूनच पडते, आणि सकाळी अंगठी फिरत नाही.

आता सुया. फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तीच ती रोज... रोज नाही, एक दिवसाआड टोचता येते. १९६६ पासून हीच पद्धत आहे आणि अजून तिच्यापेक्षा चांगली सापडलेली नाही. तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, कधी जास्त, त्यामुळे ज्यांची किडनी हळूहळू जातेय त्यांनी आधीच करून ठेवलेली बरी. नाहीतर मग माझ्यासारखं, गळ्यातल्या नळीवर सुरुवात. ती नळी म्हणजे अंघोळीला बंदी, कुशीवर झोपायला भीती, आणि थंडी वाजून ताप आला की धावत दवाखाना, कारण तिचं टोक थेट हृदयाजवळ. सुया जाड असतात, साधं रक्त काढायच्या सुईसारख्या नाहीत, दोन लागतात, एकीतून रक्त बाहेर एकीतून आत. हात सरावला की दुखणं कमी होतं, आधी तासभर बधिर करायचं क्रीम लावून गेलं तर अजून कमी. रोज सकाळी फिस्टुलावर दोन बोटं ठेवून थरथर लागतेय ना बघायचं, ती लागली की दिवस सुरू. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, घट्ट काही घालायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. आणि लोकं बघतात. फुगलेली शीर बघून लिफ्टमध्ये माणसं सरकून उभी राहतात, आता मी मुद्दाम तोच हात पुढे करून बटण दाबते.

इतकं वाईट बोलले म्हणजे मशीनला एक स्टार असं समजू नका. त्याची एक मोठी बाजू आहे आणि ती कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेली नसते. ती म्हणजे आजार दवाखान्यात ठेवून घरी येता येतं. घरात एक खोकं नाही, एक नळी नाही, मधले दिवस तुमचे. काही चुकलं तर बघायला टेक्निशियन आहे, सिस्टर आहे, बीपी दर अर्ध्या तासाने कोणीतरी घेतंय. आणि ती आमची शिफ्ट. एकमेकांचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, तोंडपाठ, कोणाच्या मुलीचं कुठे काय चाललंय ते माहीत, एखादा बेड रिकामा दिसला की आधी सगळे सिस्टरच्या तोंडाकडे बघणार. एकटं राहणाऱ्यांना तर ही आठवड्यातून ३ वेळाची माणसं फार मोठी असतात, मी पीडीवर गेल्यावर मला पहिली चुटपुट ह्याचीच लागली होती. हिमोला ५ पैकी ३, आणि सिस्टर चांगल्या असतील तर साडेतीन.

आता पोटाचं, जरा जास्त लिहिणार कारण ह्याबद्दल लोकांना माहीतच नसतं, कित्येकांना तर कोणी पर्याय म्हणून सांगितलेलंच नसतं.

पोटाच्या आत जे पातळ आवरण असतं तेच गाळणी म्हणून वापरायचं. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवतात, तिच्यातून पिशवीतलं साधारण २ लिटर खास पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरतं, मग ते काढून नवीन भरायचं. हाताने करायचं त्याला सीएपीडी म्हणतात, दिवसाला बहुतेक ४ वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. दुसरं एपीडी, त्यात रात्री ८-१० तास छोटं मशीन आपोआप भरत-काढत राहतं, तुम्ही झोपलेले. मी आधी सीएपीडी केलं, मग एपीडी.

पहिल्या आठवड्यातच फरक कळला तो डोक्याला. हिमोवर कसं, डायलिसिसच्या दिवशी पिळून काढलेलं आणि गॅपच्या दिवशी तुंबलेलं. पीडीवर रोज सारखं. खूप मस्त पण नाही आणि खूप वाईट पण नाही, सपाट. आणि सपाट म्हणजे काय सुख असतं ते ज्याने वरखाली खाल्लंय त्यालाच कळतं. बीपी धाडकन पडणं बंद, पोटरीतले गोळे जवळपास बंद. पोटॅशियम रोज निघत असल्यामुळे खाण्यातली बंधनं सैल झाली, फळ समोर आलं की आधी आकडेमोड करायची सवय सुटली. उरलीसुरली लघवी पण पीडीवर जास्त काळ टिकते, आणि ह्याची किंमत नवीन पेशंटला कळत नाही, दिवसाला अर्धा लिटर लघवी होतेय म्हणजे अर्धा लिटर जास्त पिता येतं.

आता तोटे, आणि हे मीठमसाला न लावता सांगते.

सामान. ४ वेळा २ लिटर म्हणजे दिवसाचे ८, महिन्याचे २४० लिटर. तेवढं पाणी खोक्यांमधून घरात येतं. पलंगाखाली, कपाटाशेजारी, दारामागे, जिकडे तिकडे खोकी, आणि वापरलेल्या पिशव्यांचा कचरा तो वेगळा. घर लहान असेल तर घराचा अर्धा दवाखाना होतो, आणि मी हिमोचं जे कौतुक केलं, की आजार दवाखान्यात ठेवून येता येतं, ते इथे बरोबर उलटं होतं.

मग ती स्वच्छता. खिडकी बंद, पंखा बंद, मास्क, हात नीट चोळून धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, टोपण काढायचं, जोडायचं, आणि ती जोडाची जागा उघडी असताना तिला कशाचाही स्पर्श होता कामा नये. एवढे काही सेकंद, पण दिवसातून ४ वेळा, रोज, कंटाळा आला तरी, ताप असला तरी, घरात पाहुणे बसलेले असले तरी. माझा नवरा सुरुवातीला दाराबाहेर उभा राहायचा, कोणी आत घुसू नये म्हणून. पुढे पुढे हात आपोआप चालतात.

पोटात २ लिटर बाळगायची सवय लागायला वेळ जातो. कमरेचे सगळे कपडे सैल करून घ्यावे लागले. वाकलं की दाबतं, जेवलं की लगेच भरल्यासारखं होतं. हर्निया होऊ शकतो म्हणून जड उचलायचं नाही. तलावात, स्विमिंग पूलमध्ये पोहणं बंद. बद्धकोष्ठ झालं की पाणी बाहेर यायलाच तयार नाही, नळी आत सरकते, त्यामुळे पोट साफ होणं हा घरातला चर्चेचा विषय होतो, लाज बाजूला ठेवावी लागते. पाणी ओढलं जावं म्हणून त्या पिशवीत साखर असते, १.५, २.५, ४.२५ टक्के अशी, म्हणजे २ लिटरच्या एका पिशवीत ३० ग्रॅमपासून ८५ ग्रॅमपर्यंत, आणि त्यातली बरीच अंगात जाते. वजन वाढतं, डायबिटीसवाल्यांची साखर वाढते, आणि उलट प्रोटीन मात्र रोज त्या पाण्यातून वाहून जातं. आयकोडेक्स्ट्रिन नावाची बिनसाखरेची पिशवी पण असते, लांब वेळेसाठी देतात, पण ती वापरणाऱ्या डायबिटीसवाल्यांनी हे वाचाच: काही ग्लुकोमीटर तिच्यामुळे साखर खोटी जास्त दाखवतात, आणि खऱ्यापेक्षा जास्त समजून इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आपलं मीटर चालतं का ते डॉक्टरांना दाखवून विचारून घ्या.

एपीडीचं वेगळं. दिवस मोकळा मिळतो, हे खरंच मोठं आहे, कामावर जाणाऱ्यांसाठी तर फारच. मी ह्याच काळात परत पूर्ण वेळ काम करू शकले. पण रात्र मशीनच्या ताब्यात. नळीवर कूस बदलली की अलार्म, पाणी कमी निघालं की अलार्म. शेवटचे थेंब ओढताना खाली आत कुठेतरी चिमटा बसतो, त्यानेच मला पहाटे जाग यायची. नळीच्या लांबीएवढंच जग, बाथरूमपर्यंत पोचतेय की नाही ते आधी मोजून पलंग सरकवला होता आम्ही. आणि एकाच पलंगावर तीन जण झोपल्यासारखं वाटतं, हे नवऱ्याचं वाक्य, माझं नाही. नवराबायकोच्या गोष्टींवर परिणाम होतो का, असं दोन बायकांनी मला हळूच विचारलंय. होतो, दोन्हीत होतो. एकात थकवा असतो, दुसऱ्यात नळी असते. डॉक्टर आपणहून विचारत नाहीत, आपणच काढायचा विषय, त्यावर उपाय असतात.

आणि मोठी भीती म्हणजे पेरिटोनायटिस, पोटातलं इन्फेक्शन. निघालेलं पाणी एरवी फिकट पिवळं, स्वच्छ. आम्हाला ट्रेनिंगला शिकवलं होतं, भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि त्यातून अक्षरं वाचता येतात का बघायची. वाचता आली तर ठीक. धुरकट दिसलं, पोट दुखतंय, ताप आहे, तर पिशवीसकट दवाखाना, सकाळपर्यंत थांबायचं नाही. आंतरराष्ट्रीय पीडी संघटनेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे सेंटरचं प्रमाण पेशंटमागे वर्षाला ०.४० च्या वर जाऊ नये, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदाच्या वर नको. तुमच्या सेंटरचा हा आकडा किती आहे ते विचारा, बिनधास्त विचारा, सांगायला खळखळ केली तर त्यातूनही काय ते कळतं. मला पहिलं इन्फेक्शन पिशवीतूनच अँटिबायोटिक देऊन आटोक्यात आलं. पुढचं काही केल्या औषधाला दाद देईना, नळी काढावी लागली, आणि परत गळ्यात नळी, परत मशीन. पोटाचं आवरण तसंही वर्षानुवर्षं वापरून थकतं, पीडी कायम पुरेल असं धरून चालू नये.

स्टार? चाललं तोपर्यंत ४. शेवटचे ते आठवडे धरले तर सव्वातीन-साडेतीन.

आता कोणी म्हणेल ही एका बाईची गोष्ट झाली, शास्त्र काय म्हणतं. बघितलं मी. २००४ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात आपल्या डायलिसिसच्या सेवेला एकूण 'उत्कृष्ट' म्हणणारे पीडीवर ८५ टक्के होते आणि हिमोवर ५६. मोठा फरक आहे, पण ते सगळे नुकतेच सुरू केलेले, थोडे आठवडे झालेले लोक होते, त्यामुळे मी त्यावर फार नाचत नाही. नव्याची नवलाई डायलिसिसला पण असते. बाकी जगण्याच्या दर्जाचे जे फॉर्म भरून घेतात त्यांत कुठे हे थोडं पुढे कुठे ते, असा कोणी एक विजेता निघालेला नाही, कारण पीडी घेणारे मुळात बरेचदा तरुण आणि धडधाकट असतात, तुलना सरळ होतच नाही. सरळ तुलना करायची तर चिठ्ठी टाकून लोक वाटायला हवेत. नेदरलँड्समध्ये ते करून बघितलं, २००३ मध्ये छापलं. चालतील असे ७७३ पेशंट होते, त्यातले चिठ्ठीला तयार झाले फक्त ३८. बाकीच्यांनी सांगितलं आम्हाला काय हवंय ते आम्हाला माहितीये. मला हा त्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वाटतो. लोकांना आपला आठवडा चिठ्ठीवर सोडायचा नसतो.

वर म्हटलेल्या जगण्याच्या दर्जाच्या फॉर्ममधला एक केडीक्यूओएल नावाचा, ३६ प्रश्नांचा. आजारापायी तुमचा फार वेळ जातो का, घरच्यांवर ओझं झाल्यासारखं वाटतं का, खाज, पायात गोळे, प्रवास, असे प्रश्न. चांगला आहे फॉर्म. पण भरून घेतल्यावर पुढे कोणी त्यावर बोलत नाही ही माझी तक्रार. मी तीन ठिकाणी 'फारच त्रास' वर खूण केली होती, फाइलला लागला कागद, संपलं. उदासी पण अशीच फाइलला लागते. नीट मुलाखत घेऊन तपासलं तर डायलिसिसवरच्या दर चार-पाच जणांत एकाला डिप्रेशन निघतं, आणि त्यातल्या अर्ध्या खुणा थकवा, झोप न येणं, भूक नसणं अशा असल्यामुळे सगळं किडनीच्या खात्यावर जातं. पेशंट, घरचे आणि डॉक्टर सगळ्यांना विचारून संशोधकांनी हिमोसाठी सगळ्यात महत्त्वाच्या ४ गोष्टी ठरवल्यात, हृदयाचे आजार, फिस्टुला-नळीचं काम, मृत्यू आणि थकवा. थकवा त्यात आला तो पेशंटांनी लावून धरला म्हणून.

मग कोणी काय घ्यावं. माझं मत, माझंच. कामाला जाता, थोडी लघवी अजून होतेय, हात-डोळे चांगले, घरात खोकी ठेवायला जागा आहे, तर आधी पीडी करून बघा, नंतर हिमो आहेच. पोटाची बरीच ऑपरेशनं झालीत, डोळ्यांना नीट दिसत नाही आणि मदतीला कोणी नाही, किंवा घरात आजार नकोच असं ठाम वाटतं, तर हिमो, आणि त्यात काही कमीपणा नाही. म्हाताऱ्या माणसांचं ठरवताना मुलं आपल्या सोयीने ठरवतात, हे मी उघड लिहिते. आईला सेंटरला नेणं झेपत नाही म्हणून पीडी, किंवा पिशव्या कोण बदलणार म्हणून हिमो. आईला विचारलं का? फार वय झालेल्या आणि बाकी आजारांनी वेढलेल्या काही जणांच्या बाबतीत डायलिसिस न करता औषधांवर आणि नीट देखभालीवर राहणं हाही डॉक्टरांशी बोलून घ्यायचा पर्याय असतो, तो उच्चारला की लोक अंगावर येतात पण तो असतो. आणि ट्रान्सप्लांट होण्यासारखं असेल तर ही सगळी तुलना तोपर्यंतचीच, त्या यादीचं काम दोन्हीत चालू ठेवा.

प्रवासाचं विचारतात म्हणून एका ओळीत: हिमोवर जिथे जाल तिथे आधीपासून सेंटर बुक करून, रिपोर्ट पाठवून जायचं, पीडीवर पिशव्या सोबत किंवा आधी पोचवून, पण मशीन नसलेलं सीएपीडी प्रवासाला सगळ्यात सुटसुटीत.

दोन प्रकार मी वापरलेले नाहीत, त्यांना स्टार नाहीत. एक, हिमोडायाफिल्ट्रेशन. दिसायला हिमोसारखंच, पण बरंच पाणी ओढून, त्याजागी स्वच्छ पाणी परत भरत, मोठ्या कणांची घाण पण काढतात. २०२३ च्या मोठ्या युरोपियन अभ्यासात त्यावरचे १७.३ टक्के लोक दगावले आणि नेहमीच्या हिमोवरचे २१.९, म्हणजे विचारून बघण्यासारखं नक्की आहे. दुसरं घरचं हिमो, रोज थोडा थोडा वेळ किंवा रात्री झोपेत ६-८ तास. पाणी सावकाश निघतं, लांब गॅप राहत नाही, म्हणजे मी वर ज्या ज्या गोष्टींना शिव्या घातल्या त्यांची बरीचशी उत्तरं त्यात आहेत. २०१० मध्ये सेंटरमध्येच आठवड्याला ६ वेळा विरुद्ध ३ वेळा असं करून बघितलं होतं, ६ वाल्यांचं हृदय आणि अंगातली ताकद दोन्ही बरी निघाली, पण फिस्टुलाच्या दुरुस्त्या जास्त कराव्या लागल्या. घरचं हिमो वापरणारं कोणी हे वाचत असेल तर दोन गोष्टी खाली नक्की लिहा: सुया स्वतःच्या हाताने टोचायला कसे तयार झालात, आणि रात्री मशीन ओरडलं की तुमच्याकडे उठतं कोण.